बार्बरा स्टीलचा आवाज कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने ‘ब्लॅक संडे’ हा १९६० सालचा इटालियन भयपट पाहिला आणि बार्बरा स्टीलने तिला झपाटून टाकलं. मग तिला कळलं, की चित्रपटात ऐकू येणारा आवाज बार्बराचा नाहीच. तिचे बहुतेक गाजलेले चित्रपट असेच दुसऱ्या कुणाच्या आवाजातले आहेत. तिचे सर म्हणाले, आवाज वजा केला की अर्धा अभिनय वजा होतो. अशा नटीला मोठी म्हणू नये. आता तिला तीन गोष्टी हव्या आहेत: हे खरं आहे का, असेल तर अभिनय कोणाचा धरायचा, आणि यापुढे बार्बराचे कोणते चित्रपट कोणत्या आवृत्तीत बघायचे.

मी सव्वीस वर्षं मुंबईत डबिंग करते. सुरुवातीला गर्दीतले आवाज, मग मालिकांमधल्या मावश्या आणि काकवा, मग परदेशी चित्रपटांच्या नायिका, आणि आता काही वर्षं काचेच्या या बाजूला बसून दुसऱ्यांकडून करून घेणं. त्यामुळे हा प्रश्न मला थेट लागला. शिवाय बार्बरा स्टील माझी फार आवडती. तेव्हा उत्तर लांबणार आहे. आणि तू विद्यार्थिनी आहेस म्हणून ‘तू’च म्हणते.

खरं आहे का, तर हो. ‘ब्लॅक संडे’चं मूळ नाव ‘ला मास्केरा देल देमोनियो’, म्हणजे सैतानाचा मुखवटा. इटालियन आवृत्तीत बार्बराला इटालियन बाईचा आवाज आहे. परदेशी विक्रीसाठी रोममध्ये इंग्रजी आवृत्ती केली, तिच्यातही तिचा आवाज नाही. पुढे अमेरिकेतल्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीने चित्रपट विकत घेतला, काही दृश्यं कापली, रोबेर्तो निकोलोसीचं संगीत काढून लेस बॅक्स्टरचं घातलं आणि सगळे संवाद न्यूयॉर्कमध्ये नव्याने डब केले. तिसऱ्या वेळीही बार्बराला कुणी बोलावलं नाही. बाई जन्माने इंग्लिश, लिव्हरपूलच्या समोरच्या काठावरच्या बर्कनहेडची, आणि तिच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रपटाच्या दोन्ही इंग्रजी आवृत्त्यांमध्ये तिचं स्वतःचं इंग्रजी नाही.

यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता. इटलीत त्या काळी चित्रपट बनायचेच असे. सेटवर आवाज नीट धरायचा प्रयत्नच नसे. इंग्लिश, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशी मिश्र नटमंडळी असायची, जो तो आपल्या सोयीच्या भाषेत बोलायचा, आणि सगळा आवाज नंतर स्टुडिओत बसायचा. फेलिनीसारखा मोठा इटालियन दिग्दर्शकसुद्धा असेच करायचा. आपल्याकडे हे नवलाचं वाटायला नको. हिंदी चित्रपटांतही कित्येक दशकं सेटवर कॅमेराच इतका घरघरायचा की तिथला आवाज फक्त पायलट म्हणून, म्हणजे नंतर डबिंगला आधार म्हणून, ठेवायचे. ‘आखरी रास्ता’मध्ये श्रीदेवीला रेखाचा आवाज आहे. श्रीदेवी हिंदीत स्वतःच्या आवाजात बोलली ती १९८९ च्या ‘चाँदनी’पासून. ‘गुलाम’मध्ये राणी मुखर्जीचा आवाज मोना घोष शेट्टीचा आहे. ‘चाँदनी’च्या आधी श्रीदेवी अभिनय करत नव्हती, असं कुणी म्हणेल का?

पण तुझ्या सरांचा मुद्दा इतक्यावर निकालात निघत नाही. आवाज हा अभिनयाचा मोठा भाग आहे हे मी नाकारलं तर मी माझंच काम नाकारते. म्हणून डबिंगच्या खोलीत नेमकं काय होतं ते सांगते.

पडद्यावर छोटा तुकडा, त्याला आम्ही लूप म्हणतो, पुन्हा पुन्हा फिरत असतो. कानात पायलट. समोर कागद. पहिलं काम ओठ बघणं. पडद्यावरचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्या वाक्यात प-वर्गातलं अक्षर आणावं लागतं: प, फ, ब, भ, म. तोंड उघडं राहिलं तर वाक्य आकारान्त संपवलेलं बरं. हे महिन्या-दोन महिन्यांत जमतं. खरं काम त्यानंतरचं असतं, ते म्हणजे श्वास. पडद्यावरच्या बाईने दम कुठे घेतला, कुठे रोखला, कुठे अर्धा सोडला, हे तिच्या मानेच्या शिरेवरून, गळ्याच्या खाचेवरून, खांद्यावरून ओळखायचं आणि तिथेच आपणही दम घ्यायचा. तसं केलं नाही तर शब्द ओठांवर चपखल बसूनसुद्धा आवाज चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा वाटतो.

याचा अर्थ बघ. वाक्य किती लांब, ते कुठे तुटणार, कुठे थांबणार, भीती आधी डोळ्यांत येणार की आधी छातीत, हे सगळं पडद्यावरच्या नटीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. डबिंग करणारी बाई त्या मापाच्या कपड्यात शिरते. रंग तिचा असतो: आवाजाचा पोत, खालचा सूर, शब्दावरचा भार. पण माप मूळ नटीचं. मी ज्या नट्यांना आवाज दिला त्यांच्यापैकी काहींनी मला असं माप दिलं की माझा आवाज मलाच नवा वाटला. काहींनी काहीच दिलं नाही. तिथे जीव तोडूनही काही झालं नाही. बार्बरा स्टील पहिल्या प्रकारची, आणि त्या प्रकारातही फार वरची. तिला तीन वेगवेगळ्या बायकांचे आवाज लावले तरी तिन्ही आवृत्त्यांत ती तीच राहते.

आता तू पाहिलेल्याच चित्रपटाकडे येऊ. त्याचा दिग्दर्शक मारिओ बावा तोवर कॅमेरामन म्हणून नावाजलेला होता. रिकार्डो फ्रेडाने १९५७ साली ‘इ व्हाम्पिरी’ अर्धवट सोडला तो यानेच पुरा केला, आणि त्यात बाई एकाच शॉटमध्ये म्हातारी होते ते रंगीत मेकअप आणि रंगीत प्रकाश यांच्या मेळातून साधलं होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे एका रंगाच्या दिव्यात चेहऱ्यावरच्या रेघा दिसत नाहीत, दुसऱ्या रंगाच्या दिव्यात त्या उठून येतात. दिवा हळूहळू बदलायचा, बस्स. दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावावरचा बावाचा पहिला चित्रपट ‘ला मास्केरा देल देमोनियो’. गोगोलच्या ‘व्ही’ या कथेचा त्याला आधार आहे, पण फार पातळ.

त्यात बार्बराच्या दोन भूमिका. आसा ही सतराव्या शतकात मारलेली चेटकीण आणि कातिया ही दोनशे वर्षांनंतरची तिच्याच घराण्यातली मुलगी. सुरुवातीच्या दृश्यात आसाला खांबाला बांधलंय, आतून खिळे असलेला मुखवटा तिच्या तोंडाजवळ आणतात. मुखवट्याची खिळ्यांची बाजू कॅमेऱ्याकडे सरकते. हे दृश्य तू आवाज बंद करून बघ. ती शाप देते तेव्हा डोळे मोठे होतात हे सगळ्यांना दिसतं; मला दिसते ती हनुवटी. बांधलेला माणूस हनुवटी आत घेतो, गळा वाचवतो. ही ती वर उचलते आणि गळा उघडा टाकते. मुखवटा आला तरी ती मागे सरत नाही. त्या चेहऱ्यावर भीती आहे आणि तरी शरीर माघार घेत नाही, हा मेळ आवाजाने आणता येत नाही, तो आधी शरीरात असावा लागतो.

मग मधला मोठा भाग. जिवंत होत असलेली आसा दगडी शवपेटीत आडवी आहे. उठत नाही, चालत नाही. तिच्याकडे काम करायला उरतं काय? चेहरा, हाताची बोटं आणि श्वास. आणि चित्रपटातले सर्वांत प्रभावी क्षण तेच आहेत. छाती वर-खाली होते ती दमलेल्या माणसासारखी नव्हे. कुणी तरी खूप दिवसांनी श्वास घ्यायला शिकतंय तशी. आमच्या भाषेत याला एफर्ट म्हणतात, म्हणजे शब्दाविना निघणारे आवाज: हुंकार, धाप, कण्हणं. नवशिक्यांना एफर्ट सोपे वाटतात कारण तिथे ओठ बसवायचे नसतात. ते सर्वांत अवघड असतात. त्या शवपेटीतल्या दृश्यांत डब करणारीने बार्बराच्या छातीकडे बघूनच धाप टाकली असणार. दुसरा काही रस्ताच नव्हता. आवाज तिचा, पण धाप बार्बराची.

उलट कातिया. ती सारखी चालते, दार उघडते, दोन मोठे कुत्रे घेऊन पडक्या देवळाच्या दारात उभी राहते. आणि तिचा श्वास दिसतच नाही. खांदे थोडे वर, कोपर अंगाला लागून, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. जिवंत मुलगी मेल्यासारखी आणि मेलेली बाई जिवंत. बावाने प्रकाश सुरेख टाकलाय, पण हा फरक प्रकाशाचा नाही. बार्बरा तेव्हा बावीस वर्षांची होती, चित्रकला शिकून आलेली, इंग्लंडमधल्या रँक कंपनीत किरकोळ कामं केलेली. रँककडून तिचा करार हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीकडे गेला. तिथे एल्व्हिस प्रेस्लीच्या ‘फ्लेमिंग स्टार’मध्ये तिला घेतलं, पण चित्रीकरण सुरू झाल्यावर ती त्यातून बाहेर पडली आणि भूमिका बार्बरा ईडनला गेली. हॉलिवूडला तिचं काय करायचं ते कळलं नाही. बावाला कळलं.

आता १९६१ चा ‘द पिट अँड द पेंड्युलम’, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा मला तिथे सापडतो. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, नायक व्हिन्सेंट प्राइस. चित्रपट अमेरिकन, भाषा इंग्रजी, नटी इंग्लिश. इथे तरी तिचा आवाज असायला हवा. तरीही तो बदलला. तिचा बोलण्याचा ढंग बाकीच्यांशी जुळत नाही, असं कारण सांगतात. ती एलिझाबेथ नावाची मेलेली पत्नी आहे, किंवा मेलेली म्हणून समजली गेलेली. गढीत रात्री नवऱ्याला तिची हाक ऐकू येते. नुसतं नाव, कुजबुजत, लांबून. तो त्या हाकेमागे भुयारात उतरतो आणि तिथे त्याचं डोकं फिरतं. म्हणजे कथेची कळच एका बाईच्या आवाजात आहे, आणि तो आवाज बार्बराचा नाही.

शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होणार नाही, तेव्हा चित्रपट बघायचा असेल तर पुढचा परिच्छेद गाळ.

शेवटी वाचलेली माणसं त्या छळाच्या खोलीतून बाहेर पडतात आणि म्हणतात, आता हे दार कायमचं बंद. कॅमेरा झटकन वळतो. खोलीत लोखंडी पेटी आहे, तिच्यात एलिझाबेथ जिवंत कोंडलेली, तोंडात बोळा, आणि फटीतून दिसतात ते फक्त डोळे. चित्रपट तिथे संपतो. त्या डोळ्यांना डब करता येत नाही. मी हा शॉट कार्यशाळेत दर वेळी दाखवते आणि मुलांना विचारते, ही काय म्हणतेय? दर वेळी वेगवेगळी मुलं जवळपास एकच वाक्य सांगतात: “मी इथे आहे.” आवाज काढून घेतलेल्या बाईला शेवटी तोंड बांधून ठेवलंय, आणि तरी तिचं वाक्य शेवटच्या रांगेत पोचतं. तुझ्या सरांना हा शॉट दाखव.

त्यानंतरची पाच वर्षं इटलीतली. इंग्लंडमधल्या हॅमर कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ १९५८ मध्ये युरोपभर चालला होता, म्हणून इटालियन निर्मात्यांना आपले भयपट इंग्लिश वाटायला हवे होते. रिकार्डो फ्रेडा ‘रॉबर्ट हॅम्प्टन’ झाला, अँतोनियो मार्गेरिती ‘अँथनी डॉसन’, मारिओ कायानो ‘अ‍ॅलन ग्र्युनेवाल्ड’. सगळा संच इंग्रजी नावं लावून उभा, आणि त्यात जी खरोखर इंग्लिश होती तिचाच आवाज बहुतेकदा बदललेला. चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकायचे. एकाच वाड्यासारख्या जुन्या हवेल्या, त्याच मेणबत्त्या, तोच जिना. पैसा कमी, वेळ त्याहून कमी. अशा घाईत चेहऱ्यावर चित्रपट तोलून धरणारी नटी लागते, म्हणून सगळे तिच्याकडे यायचे. बावाच्या ‘ब्लॅक संडे’पासून मोजले तर असे नऊ चित्रपट होतात.

नऊही चांगले नाहीत. ‘चिंक्वे तोंबे पेर उन मेडियम’ मला रेंगाळलेला वाटतो. ‘इ लुंगी कापेल्ली देला मोर्ते’ची सुरुवात आणि शेवट उत्तम, मध्ये जिन्यावर फार चढउतार. मायकेल रीव्हजच्या ‘द शी बीस्ट’मध्ये तिचं काम एका लांबलचक दिवसात उरकून घेतलेलं आहे आणि ते जाणवतं, रीव्हजचा तो पहिला चित्रपट होता आणि त्याच्याकडे तेवढेच पैसे होते. फ्रेडाचा ‘डॉक्टर हिचकॉक’ १९६२ चा. त्यात ती भयाला बळी पडणारी दुसरी बायको आहे. शवपेटीत जाग येते, तोंडासमोर काच आणि ती काचेतून ओरडतेय, हा प्रसंग तिचाच. पण एकूण भूमिका तिच्या ताकदीपेक्षा लहान. पुढच्याच वर्षी त्याच फ्रेडाच्या ‘लो स्पेत्रो’मध्ये ती नवऱ्याला मारणारी बाई आहे, आणि तिथे ती चित्रपट खाऊन टाकते. वस्तरा हातात घेतलेलं तिचं दृश्य बघताना मी अजूनही खुर्चीत मागे सरकते.

याच १९६३ साली फेलिनीचा ‘साडेआठ’ आला. त्यात ती वयस्क मित्राबरोबर फिरणारी, तत्त्वज्ञान बोलणारी तरुण मुलगी, ग्लोरिया. भूमिका छोटी, पण ती नाचते ते बघ. भयपटात जे अंग ती दोरीने बांधल्यासारखं वापरते ते इथे सैल सोडलंय, मनगटं आणि मान तर जणू वेगळ्या माणसाची. एकाच वर्षात हे आणि ते. मला वाईट वाटतं ते याचं की त्यानंतरही तिच्याकडे मागणी आली ती मुख्यतः थडग्यातून उठायचीच. फोल्कर श्लोंडोर्फचा ‘तरुण टोर्लेस’ आणि मोनिचेलीचा ‘लार्माता ब्रांकालेओने’ हे १९६६ चे दोन चित्रपट वेगळे आहेत, पण दोन्हींत ती थोडाच वेळ दिसते.

या काळातले दोन चित्रपट मात्र चुकवू नकोस. पहिला मार्गेरितीचा ‘दान्झा माकाब्रा’, १९६४. एक पत्रकार पैज लावून ओसाड गढीत रात्र काढायला जातो. तिथे त्याला एलिझाबेथ भेटते. गढीतली सगळी माणसं मेलेली आहेत आणि दर वर्षी त्या रात्री आपापलं मरण पुन्हा जगतात, हे त्याला उशिरा कळतं. मध्ये एक क्षण आहे: तो तिच्या छातीवर डोकं टेकवतो आणि त्याच्या लक्षात येतं की हृदयाचा ठोका नाही. ती ते शांतपणे कबूल करते. ध्वनीचं काम करणाऱ्या माणसाला हे दृश्य किती मोठं आहे ते सांगते. इथे भीती आवाजाची नाही, आवाज नसण्याची आहे. एखादा घाबरा दिग्दर्शक इथे व्हायोलिनं वाजवेल. आणि बार्बरा काय करते? काहीच नाही. चेहऱ्यावर लाज आहे, जणू कुणी तिची गरिबी पकडली. भुताला लाज वाटते हे मी दुसऱ्या कुठल्या नटीकडून बघितलेलं नाही. आपल्याकडे हडळीच्या गोष्टीत ती बाई माणसाला फसवते, केस मोकळे सोडून, पाय उलटे करून. ही फसवत नाही. तिला तो जगायला हवा आहे, आणि तो जगला तर ती पुन्हा एकटी. हे सगळं त्या चेहऱ्यावर आहे. संवाद कुणी म्हटलेत याने इथे काही अडत नाही.

दुसरा कायानोचा १९६५ चा ‘अमान्ती दोल्त्रेतोम्बा’, इंग्रजीत ‘नाइटमेअर कॅसल’. एन्निओ मोरिकोनेने भयपटाला दिलेलं हे पहिलं संगीत. यातही दोन भूमिका: काळ्या केसांची म्युरिएल, नवऱ्याने प्रियकरासह हाल करून मारलेली, आणि तिची सोनेरी केसांची सावत्र बहीण जेनी, जिच्याशी तोच नवरा इस्टेटीसाठी लग्न करतो. केसांचा रंग बदलला म्हणजे भूमिका बदलली असं नसतं. तू जेनीचे हात बघ. ती हात कुठे ठेवायचे ते न कळणारी मुलगी आहे. म्युरिएलचे हात कधीच मोकळे फिरत नाहीत, ते नेहमी कशावर तरी पक्के असतात. आणि झपाटलेल्या जेनीत हळूहळू ते पक्के हात यायला लागतात. ‘ब्लॅक संडे’त जे तिने सहजबुद्धीने केलं ते इथे ती जाणून करते, असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये हे सगळ्यांत आधी ओळखलं गेलं. १९६२ पासून पॅरिसमध्ये ‘मिदी-मिन्युई फान्तास्तिक’ नावाचं नियतकालिक निघायचं, भयपट आणि अद्भुतपट गांभीर्याने घेणारं, आणि त्या मंडळींनी बार्बराला डोक्यावर घेतलं. तिला ‘स्क्रीम क्वीन’ म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. तिच्या मोठ्या भूमिका आठव: ती किंचाळत नाही, दुसऱ्यांना किंचाळायला लावते.

साठचं दशक संपता संपता ती इंग्लंडमध्ये ‘कर्स ऑफ द क्रिमझन ऑल्टर’मध्ये दिसली, हिरव्या रंगात रंगवलेली, डोक्यावर शिंगांचा मुकुट. सोबत बोरिस कार्लोफ आणि ख्रिस्तोफर ली. नावं मोठी, चित्रपट फुकट गेलेला. मग तिने अमेरिकन पटकथाकार जेम्स पो यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला आणि काही वर्षं ती पडद्यावरून जवळजवळ गेलीच.

आणि मग आवाज परत आला. हे तुझ्या सरांना माहीत नसावं. १९७४ साली जोनाथन डेमीने आपला पहिला चित्रपट ‘केज्ड हीट’ केला, बायकांच्या तुरुंगाचा स्वस्तातला थरारपट, कॉर्मनच्याच कंपनीसाठी. त्यात बार्बरा चाकाच्या खुर्चीवर बसलेली तुरुंगाची अधीक्षक आहे आणि ती स्वतःच्या आवाजात बोलते. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले. इतकी वर्षं त्या चेहऱ्याला मी मनात खर्जातला, धुरकट आवाज लावला होता, कारण डब करणाऱ्यांनी तसा लावला होता. खरा आवाज त्याहून कोरडा आहे, नेटका, इंग्लिश, शब्दांच्या कडा कापलेल्या. ती हळू बोलते आणि माणसं ऐकतात. खुर्चीमुळे शरीर गेलं, आवाज मिळाला. ‘ब्लॅक संडे’च्या बरोबर उलट.

पुढच्या वर्षी डेव्हिड क्रोननबर्गचा ‘शिव्हर्स’. मॉन्ट्रियलजवळच्या चकचकीत इमारतीत माणसाच्या शरीरात शिरणारे परजीवी पसरतात. बार्बरा त्या इमारतीत राहणारी बेट्स, एकटी, वाइनचा ग्लास घेऊन टबात बसलेली, आणि नळीतून तो किडा वर येतो. हे दृश्य लोकांना किड्यासाठी आठवतं. मला आठवतो तो त्याच्या आधीचा उसासा. सेटवर धरलेला, तिच्या स्वतःच्या छातीतला. पंधरा वर्षांपूर्वी शवपेटीत तिने जो श्वास नुसता दाखवला होता तो इथे अखेर ऐकू येतो. हे बघताना मला डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि किड्याच्या चित्रपटात डोळ्यांत पाणी आणणारी नटी मोठी नाही असं मला कुणी सांगू नये.

जो डान्टेचा ‘पिरान्हा’ १९७८ चा, त्यात ती सरकारी शास्त्रज्ञ. शेवटचं वाक्य आणि त्यानंतरचं हसू तिचं. त्याच वर्षी लुई मालच्या ‘प्रेटी बेबी’तही ती आहे. त्यानंतर तिने कॅमेऱ्यामागचं काम धरलं. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘द विंड्स ऑफ वॉर’ आणि ‘वॉर अँड रिमेम्ब्रन्स’ या डॅन कर्टिसच्या प्रचंड मालिकांच्या निर्मितीत ती होती. दुसरीचा काही भाग प्रत्यक्ष आउशवित्झमध्ये चित्रित झाला. त्या मालिकेला १९८९ चा सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला आणि निर्माती म्हणून त्यात बार्बराचा वाटा होता. कर्टिसनेच १९९१ च्या ‘डार्क शॅडोज’मध्ये तिला डॉक्टर ज्युलिया हॉफमनची भूमिका दिली. २०१२ चा ‘द बटरफ्लाय रूम’ आणि रायन गॉसलिंगचा २०१४ चा ‘लॉस्ट रिव्हर’ हे तिच्या म्हातारपणातले. ‘लॉस्ट रिव्हर’मध्ये ती जवळजवळ बोलतच नाही, टीव्हीसमोर बसून असते. ते डोळे तसेच आहेत.

तर अभिनय कोणाचा? माझं उत्तर: ‘ब्लॅक संडे’मधला अभिनय बार्बराचा, आणि त्यात ज्या बायकांनी तिला आवाज दिला त्यांचाही थोडा. त्यांचं नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. मीही एका मोठ्या चित्रपटाच्या नायिकेला आवाज दिला होता. निर्मात्याने आधीच अट घातली की नाव येणार नाही आणि बाहेर सांगायचंही नाही. नायिकेचं कौतुक झालं तेव्हा मला दुःख झालं नाही, पण कुणी तरी विचारावं असं वाटत राहिलं. म्हणून बार्बराला श्रेय देताना तिचं श्रेय कापून त्यांना देऊ नकोस. दोन्हीकडे पुरेल इतकं ते आहे. तुझ्या सरांनी वजाबाकी केली, मी बेरीज करते.

आता काय बघायचं ते. ‘ब्लॅक संडे’ तू बहुधा अमेरिकन आवृत्तीत पाहिला असशील, लेस बॅक्स्टरच्या संगीतासह. आता इटालियन आवाजातली न कापलेली आवृत्ती घे, उपशीर्षकं लावून. इटालियन डबिंग जास्त मुरलेलं असतं. तिथे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ‘दान्झा माकाब्रा’ आणि ‘नाइटमेअर कॅसल’ही इटालियनमध्येच. नीट जतन केलेली प्रतच बघ, अंधारात गढूळ झालेली प्रत बघून या चित्रपटांबद्दल मत बनवू नकोस. काळ्या रंगात तपशील दिसला नाही तर तिचं अर्धं काम दिसत नाही. ‘लो स्पेत्रो’ त्यानंतर. मग ‘साडेआठ’, फक्त तिच्यासाठी नव्हे, पण या वेळी तिच्याकडे लक्ष ठेवून. मग ‘केज्ड हीट’ आणि ‘शिव्हर्स’ लागोपाठ. दोन्हींत हिंसा आणि नग्नता भरपूर आहे, घरच्यांबरोबर बघू नकोस.

आणि हे सगळं करायच्या आधी एका संध्याकाळी ‘ब्लॅक संडे’ची पहिली काही मिनिटं आवाज पूर्ण बंद करून लाव. शाप देते ते दृश्य तीनदा बघ. तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर श्वास घे, ती रोखते तिथे रोख, सोडते तिथे सोड. मुखवटा जवळ येतो तेव्हा तुझी हनुवटी कुठे जाते ते बघ आणि मला कळव.